गंधाची उजळणी

दूध उतू गेले, पातेले कोरडे पडले, तळाशी काळा थर धरला, तरी माझी थोरली बहीण स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत शांतपणे गवार निवडत बसली होती. समोरच्या बिऱ्हाडातील बाई 'अहो, काही करपतंय का?' असे विचारीत दारात आल्या, तेव्हा तिने मान वर केली. ही गोष्ट २०२१ च्या जून महिन्यातील. एप्रिलमध्ये तिला करोनाने गाठले होते. ताप चार दिवसांत उतरला, खोकला पंधरवड्यात थांबला, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तिला वास काही येईना. ती तसे अधूनमधून सांगे आणि आम्ही सारे 'येईल हळूहळू' म्हणून विषय संपवीत असू. त्या करपलेल्या दुधानंतर मात्र आम्हाला कळून चुकले की, ताईचे जे गेले आहे ते किरकोळ नव्हे.

आमच्या या बेफिकिरीचे एक कारण भाषेतही असावे. दृष्टी गेलेल्या किंवा ऐकू न येणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे पूर्वापार शब्द आहेत; वास न येणाऱ्या माणसाला मात्र रोजच्या मराठीत शब्दच नाही. आणि ज्याला नाव नाही त्या व्यंगाची विचारपूसही कोणी करीत नाही. डॉक्टर मंडळी पूर्ण गंधलोपाला 'ॲनॉस्मिया' आणि अर्धवट उरलेल्या घ्राणशक्तीला 'हायपॉस्मिया' म्हणतात, एवढेच. नवल असे की, खुद्द वासांचे वर्णन करण्यात हीच मराठी मुळीच कृपण नाही. खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, आंबूस, उग्र. दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा. हा शब्दसाठा पुढे एका वेगळ्याच कामी येणार आहे, म्हणून त्याची येथे आठवण दिली.

विषाणूमुळे वास जाणे हे करोनाने प्रथम दाखविले असे नव्हे. साधी सर्दी किंवा फ्लू होऊन गेल्यावर नाक मोकळे झाले, तरी वास परतला नाही अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञांना अनेक दशके भेटत आले आहेत. त्यांत मध्यमवयीन स्त्रियांचे प्रमाण अधिक, हेही जुनेच निरीक्षण आहे. करोनाने फरक केला तो संख्येचा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० रोजी वास किंवा चव जाणे या लक्षणाचा समावेश करोनाच्या अधिकृत लक्षणांत केला. त्याच वर्षी पुण्याच्या 'आयसर' या संस्थेतील निक्सन अब्राहम यांच्या चमूने घ्राणशक्तीचे नेमके मोजमाप करणारे उपकरण तयार केले. त्यातून दिसले ते चक्रावून टाकणारे होते. आपल्याला काहीच त्रास नाही असे सांगणाऱ्या अनेक बाधितांचीही घ्राणशक्ती उतरलेली होती आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

बहुतेकांचा वास परततो, ही दिलाशाची बाब. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या लेखानुसार, वास गेलेल्या करोनाबाधितांपैकी सुमारे ७४ टक्के महिन्याभरात आणि सुमारे ९६ टक्के सहा महिन्यांत सावरतात. उरलेले चार-पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण जेथे कोट्यवधी माणसे आजारी पडली, तेथे चार-पाच टक्के म्हणजे लक्षावधी कुटुंबांची गोष्ट झाली. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

वास जातो म्हणजे नेमके काय होते? नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन डोळ्यांच्या मध्ये यावी अशा जागी, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक नाजूक अंतस्त्वचा असते. तिच्यात लक्षावधी गंधपेशी असतात. या पेशी म्हणजे खऱ्याखुऱ्या मज्जापेशीच; त्यांचे एक टोक बाहेरच्या हवेत उघडे आणि दुसरे टोक चाळणीसारख्या छिद्रे असलेल्या एका पातळ हाडातून थेट वर मेंदूच्या 'घ्राणकंदा'त गेलेले. बाहेरचे जग आणि मेंदू यांच्यामध्ये इतके कमी अंतर शरीरात अन्यत्र क्वचितच असेल. प्रत्येक गंधपेशीवर एकाच जातीचा ग्राहक असतो आणि माणसात अशा सुमारे चारशे जाती आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लावला व त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चारशे ग्राहकांत असंख्य वास कसे ओळखले जातात, असा प्रश्न पडेल. पेटीवर जसे दोन-चार पट्ट्या एकदम दाबून निरनिराळे स्वरमेळ उमटवता येतात, तसे प्रत्येक वास आपापल्या पट्ट्या दाबतो. मेंदू पट्टी ओळखत नाही, मेळ ओळखतो.

जिभेचा वाटा यात फार थोडा. जिभेला कळते ते गोड, आंबट, खारट, कडू आणि जपान्यांनी ज्याला 'उमामी' नाव दिले ती मांसल गोडी. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाची किमया असते. आमटी अळणी आहे की खारट, हे ताईला बरोबर कळे. तिच्यात गोडा मसाला पडला आहे की गरम मसाला, हे मात्र सांगता येत नसे. चाळीस वर्षे घरच्या मसाल्याचे प्रमाण डोळ्यांनी नव्हे तर नाकाने ठरविणाऱ्या बाईला हे किती लागले असेल, याचा विचार आम्ही उशिरा केला.

आता विषाणूकडे वळू. करोनाचा विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो ते दार गंधपेशींवर नाहीच, असे हार्वर्डमधील संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने २०२० मध्ये दाखविले. ते दार आहे गंधपेशींना टेकू देणाऱ्या, त्यांचे पोषण करणाऱ्या आधारपेशींवर. मांडव कोसळला की वेल खाली येतो, तसे काहीसे होते. आधारपेशी लवकर भरून येतात आणि म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. काहींच्या बाबतीत मात्र दाह रेंगाळतो. दीर्घकाळ वास न आलेल्या रुग्णांच्या नाकातील नमुने तपासून अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखविले की, विषाणू निघून गेल्यानंतरही तेथे रोगप्रतिकारक पेशींचा गराडा पडलेलाच होता आणि गंधपेशी विरळ झाल्या होत्या.

या साऱ्यात आशेची जागा कोणती, तर गंधपेशी नव्याने तयार होत राहतात. उघड्यावर असल्याने त्या मरतात आणि तळाशी असलेल्या मूळपेशी त्यांच्या जागी नव्या घडवितात. हे चक्र जन्मभर चालू असते. मज्जापेशींच्या बाबतीत ही दुर्मिळ सवलत आहे. पण नवी पेशी निर्माण होणे पुरेसे नाही. तिला आपला धागा त्या चाळणीतून वर पाठवून घ्राणकंदातील नेमक्या ठिकाणी जोडून घ्यावा लागतो, आणि तेथून येणाऱ्या निरोपाचा अर्थ मेंदूला पुन्हा लावावा लागतो. या जोडणीला बाहेरून काही मदत करता येईल का, या प्रश्नातून गंधसरावाची कल्पना पुढे आली.

तिचे एक जुने बीज अमेरिकेत सापडते. 'अँड्रोस्टेनोन' नावाच्या, घामात आढळणाऱ्या एका द्रव्याचा वास पुष्कळ निरोगी माणसांना मुळीच येत नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील चार्ल्स वायसॉकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वीस जणांना ते द्रव्य दिवसातून तीनदा, सहा आठवडे हुंगायला लावले. त्यांपैकी निम्म्यांना तो वास येऊ लागला! १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली: नाक शिकू शकते.

हा धागा रुग्णांपर्यंत नेला तो जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठातील डॉ. थॉमस हुमेल यांनी. त्यांनी विषाणूमुळे, डोक्याला मार लागल्यामुळे किंवा अज्ञात कारणाने वास गमावलेले ५६ रुग्ण घेतले. त्यांतील चाळीस जणांना चार बाटल्या दिल्या. एकीत गुलाबाचा, दुसरीत निलगिरीचा, तिसरीत लिंबाचा आणि चौथीत लवंगेचा वास. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली हुंगायची, बारा आठवडे. उरलेल्या सोळांनी काही करायचे नाही. हे चारच वास का? हान्स हेनिंग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१६ च्या सुमारास वासांचे सहा मूळ प्रकार मानले होते: फुलांचा, फळांचा, मसाल्याचा, राळेचा, जळका आणि कुजका. शेवटचे दोन वगळून उरलेल्या चारांचा एकेक प्रतिनिधी हुमेल यांनी निवडला. (सकाळ-संध्याकाळ कुजका वास हुंगा असे सांगितले असते तर बारा आठवडे कोण टिकले असते, हा भाग वेगळा.) २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सराव करणाऱ्यांपैकी सुमारे पाव ते एकतृतीयांश जणांच्या घ्राणशक्तीत मोजता येण्याजोगी सुधारणा झाली. सराव न करणाऱ्यांत ती जवळजवळ दिसली नाही.

टीकाकारांनी रास्त शंका काढली. रोज बाटल्या हुंगणाऱ्याला आपण काही उपाय करीत आहोत या समाधानानेच बरे वाटत असेल तर? तिचे उत्तर २०१४ मध्ये आले. जर्मनीतील बारा केंद्रांनी मिळून, विषाणूजन्य गंधलोप झालेल्या १४४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली. दोघांना बाटल्या सारख्याच, पण एका गटाच्या बाटल्यांत गंध तीव्र, दुसऱ्याच्या बाटल्यांत नाममात्र. अठरा आठवड्यांनंतर तीव्र गंधाच्या गटात २६ टक्के आणि नाममात्र गंधाच्या गटात १५ टक्के रुग्ण सुधारले. फरक होता, पण डोळे दिपविणारा नव्हता. खरी मोलाची गोष्ट पुढे आहे. ज्यांचा वास जाऊन वर्षही झाले नव्हते, त्यांच्यापैकी तीव्र गंधाच्या गटातील २४ पैकी १५ जण सुधारले. दुसऱ्या गटात ३१ पैकी सहा. म्हणजे सराव लवकर सुरू करावा. 'येईल हळूहळू' म्हणत आम्ही जे महिने घालविले त्यांची रुखरुख हे आकडे वाचल्यावर अधिक वाटते.

सरावाने नाकात बदल होतो की मेंदूत? बहुधा दोन्हीकडे. हुमेल यांच्याच गटाने निरोगी माणसांना एकाच नाकपुडीने सराव करायला सांगितले आणि काही महिन्यांनी मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा घ्राणकंद केवळ सरावाच्या बाजूचा नव्हे, तर दोन्ही बाजूंचा वाढलेला आढळला. याचा अर्थ, निदान काही काम वरून, मेंदूच्या बाजूने होत असले पाहिजे. म्हणूनच यंत्रवत हुंगण्याला फारसा अर्थ नाही, असे जाणकार सांगतात. बाटली नाकाशी नेताना मन त्या वासाशी हवे.

सरावाची रीत साधी आहे आणि साहित्य आपल्या घरात नाही असे नाही. गडद रंगाच्या काचेच्या, घट्ट झाकणाच्या चार छोट्या बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत कापसाचा किंवा जाड कागदाचा तुकडा ठेवून त्यावर तेलाचे काही थेंब टाकावेत: गुलाबाचे अत्तर, निलगिरी तेल, लिंबाच्या सालीचे तेल, लवंगेचे तेल. बाटल्यांवर नावे लिहावीत. बाटली नाकाखाली धरून वीसेक सेकंद हलके हलके, छोटे श्वास घ्यावेत. जोराने खेचू नये. मग थोडी उसंत घेऊन पुढची बाटली. असे सकाळी एकदा, रात्री एकदा. सारा खटाटोप पाच मिनिटांचा. तेलाचा वास काही महिन्यांत उतरतो, तेव्हा ते बदलावे. तेल नाकात घालू नये, त्वचेला लावू नये आणि बाटल्या लहान मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत. निलगिरी तेल मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. ज्यांना तेले मिळत नसतील त्यांनी ठेचलेली लवंग, लिंबाची ताजी साल, पाकळ्या यांवर काम भागवावे. मात्र वास दरवेळी सारखा मिळत नाही एवढी उणीव त्यात राहते. जाता जाता एक गंमत. ड्रेस्डेनच्या बाटलीत लिंबू म्हणून जे होते ते 'सिट्रोनेलाल', म्हणजे आपण डास पळविण्यासाठी जे सिट्रोनेलाचे तेल लावतो त्यातील घटक. तेव्हा लिंबू नेमके कोणते, यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

या चौकडीतील एका फसवणुकीबद्दल मात्र सावध असावे. नाकात गंधाच्या मज्जातंतूखेरीज आणखी एक मज्जातंतू काम करतो. झोंबणे, थंडावा, चुरचुर हे त्याचे विषय. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते ते त्याच्यामुळे. हा तंतू बहुधा शाबूत असतो. म्हणून वास अजिबात न येणारा रुग्णही बाम किंवा कापूर नाकाशी नेल्यावर 'हां, हा येतो' म्हणतो. त्याला वास आलेला नसतो, थंडावा लागलेला असतो. निलगिरीचे तसेच आहे. गुलाबाच्या गंधातील मुख्य द्रव्य मात्र नाकाला झोंबतही नाही आणि गारही लागत नाही. गुलाब आला तर तो खरोखर आला. चार साक्षीदारांतील हा सर्वांत भरवशाचा.

बारा आठवडे ही किमान मुदत आहे. सहा ते नऊ महिने चिकाटी धरलेली बरी. इस्तंबूलच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दर बारा आठवड्यांनी चारही वास बदलून पाहिले आणि त्याचा फायदा दिसला. त्यांच्या दुसऱ्या संचात मेंथॉल, थाइम, संत्र्याच्या जातीचे एक फळ आणि जाई हे वास होते. थाइम आपल्याकडे सहसा नसते, पण त्यातील 'थायमॉल' हे द्रव्य ओव्यात भरपूर असते. तेव्हा पुदिना, ओवा, संत्र्याची साल आणि जाई असा संच आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात जवळजवळ तयारच आहे.

येथे तो मराठी शब्दसाठा कामी येतो. बाटली हुंगताना नुसते 'येतो' किंवा 'येत नाही' एवढे न लिहिता, काय आले ते लिहावे: करपट, उग्र, गोडसर, ओल्या मातीसारखे, काहीतरी पण ओळख पटत नाही असे. आठवण काढावी, लवंग म्हणजे दात दुखताना आईने धरायला लावलेली लवंग, गुलाब म्हणजे लग्नाच्या मांडवातील गुलाबदाणी. सुधारणा इतकी संथ असते की, आठवड्याला एकदा तरी केलेली नोंद हाताशी नसेल तर ती झाल्याचे रुग्णाला कळतही नाही आणि तो कंटाळून सराव सोडतो. सराव सोडणाऱ्यांची संख्या मोठी असते, ही या उपायाची सर्वांत मोठी दुबळी बाजू.

मध्येच एक टप्पा असा येतो की, रुग्णाला वाटते, यापेक्षा वास नव्हता तेच बरे होते. नव्या धाग्यांची जुळणी अर्धवट असताना पेटीच्या काही पट्ट्या वाजतात, काही नाही. मेळ बेसूर उमटतो. याला 'पॅरॉस्मिया' म्हणतात. कॉफी, भाजलेले पदार्थ, तळलेला कांदा, लसूण, अंडी यांना सडल्यासारखी, रबर जळल्यासारखी घाण येऊ लागते. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठात जेन पार्कर यांच्या गटाने कॉफीतील घटक वेगवेगळे करून २०२२ मध्ये दाखवून दिले की, हा त्रास थोड्याच, पण अतिशय तीव्र गंधाच्या रेणूंमुळे होतो. त्यांत गंधकयुक्त रेणू आघाडीवर. कांदा-लसणाची फोडणी ज्या घरात दोन वेळा पडते तेथे याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. ताई फोडणीच्या वेळी गच्चीवर जाऊन बसे. पाहुण्यांना वाटे, तिचे काहीतरी बिनसले आहे. अशा वेळी अन्न फार गरम न खाता कोमट किंवा गार खावे, म्हणजे वास कमी उठतो. दही-भात, फळे, साधी खिचडी चालून जाते. जो वास असह्य होतो तो सरावातून काही काळ बाजूला ठेवावा, बाकीचे चालू ठेवावेत. अनेक रुग्णांत हा टप्पा सुधारणेच्या वाटेवरचाच असतो. पण तो सोसणाऱ्याला ते पटणे कठीण, आणि 'नखरे करू नकोस' म्हणणारे नातेवाईक ते अधिकच कठीण करतात.

गंधसरावाचे गुणगान करताना त्याची मर्यादा लपवू नये. करोनानंतरच्या गंधलोपावरील उपायांचा आढावा नामांकित 'कॉक्रेन' मालिकेत २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये घेतला गेला. कोणत्याच उपायाबद्दलचा पुरावा अजून भक्कम नाही, असे त्याने रोखठोक सांगितले. तरीही तज्ज्ञ सरावाचा सल्ला देतात तो साध्या हिशेबाने: खर्च थोडा, अपाय जवळपास नाही आणि लाभाची बरी शक्यता. हाच हिशेब स्टेरॉइडच्या गोळ्यांना लागू होत नाही. अनेक देशांतील नाक-तज्ज्ञांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे असेच मत दिले की, करोनानंतरच्या गंधलोपासाठी आधी सराव. गोळ्यांचा सरसकट वापर नको. आपल्याकडे हे अधिक गंभीरपणे घ्यायला हवे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने काळ्या बुरशीला कशी वाट करून दिली, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. ओळखीच्या दुकानातून आणलेली गोळी किंवा 'तुझ्या भाच्याला बरे वाटले' म्हणून घेतलेली गोळी येथे सर्वस्वी त्याज्य. नाकात घालावयाच्या जस्तयुक्त औषधांनी तर उलट वासच जातो अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये सार्वजनिक इशारा दिला होता.

आणि मुळात प्रत्येक गंधलोप विषाणूचा नसतो. नाकातील मांसल वाढ, जुनाट सायनस, डोक्याला लागलेला मार ही कारणे असू शकतात. पार्किन्सनच्या आजारात तर हातापायांच्या कंपाच्या कित्येक वर्षे आधी वास मंदावू शकतो. सर्दी-तापाविना वास गेला असेल, एकाच नाकपुडीचा गेला असेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तर बाटल्या भरण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. बंद नाकाला सरावाचा उपयोग नाही.

सराव चालू असतानाच्या काळात, आणि तो फळला नाही तर कायमची, एक तजवीज घरोघरी व्हायला हवी. स्वयंपाकाचा गॅस मुळात बिनवासाचा असतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या 'मरकॅप्टन' या गंधकयुक्त द्रव्याचा. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी बिनवासाचा नैसर्गिक वायू तळघरात साठून स्फोट झाला, सुमारे तीनशे मुले-माणसे दगावली, आणि त्यानंतर वायूत दुर्गंध मिसळण्याची सक्ती आली. ज्याला वास येत नाही त्याच्या घरात मात्र काळ पुन्हा १९३७ पूर्वीचाच असतो. बाजारात गळती ओळखून भोंगा वाजविणारी यंत्रे मिळतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचे यंत्र जमिनीलगत बसवावे. नळाने येणारा वायू हलका, त्याचे छताजवळ. शिळ्या अन्नाच्या डब्यावर तारखेची चिठ्ठी लावावी, आणि भात आंबला आहे का हे पाहायला घरातील दुसऱ्या कोणाला तरी हाक मारण्यात कमीपणा मानू नये.

ताईने सराव सुरू केला तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये. गळती ओळखणारे यंत्र त्याच आठवड्यात बसले. तिची वही माझ्यासमोर आहे. पहिले दोन महिने चारही रकान्यांत शून्य, फक्त निलगिरीपुढे 'गार लागते' असा शेरा. नोव्हेंबरमध्ये लवंगेपुढे 'काहीतरी, पण जळके'. डिसेंबर ते मार्च तो फोडणीचा वाईट काळ. त्यातली काही पाने कोरी आहेत. एप्रिलमध्ये लवंगेपुढे नुसते 'लवंग' असे लिहिले आहे. लिंबू त्यानंतर पावसाळ्यात. गुलाबापुढे मात्र अजूनही 'कधी कधी' एवढेच. मसाल्याचे प्रमाण ती आता वाटीने मोजते आणि तयार झाल्यावर सुनेला हुंगायला देते. दूध करपले तर तिला कळते; उतू जाण्याच्या बेताला आले की येणारा तो पहिला, साईचा वास अजून परतलेला नाही. चौथा संच कोणता घ्यावा, असे तिने परवा विचारले. वेलदोडा, जायफळ, हिंग आणि कढीपत्ता घे, असे मी सुचविले. हिंगाला तिने नकार दिला आहे.